पुढील आदेशापर्यंत

वसमतच्या गल्ल्यांना
माझ्या तोंडाआधी माझा आवाज ओळखू येतो.
वीस वर्षं झाली, ॲटोच्या टपावर भोंगा बांधून
मी, सटवाजी जोगदंड, सांगत आलो :
साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, आली हो सर्कस,
निळा सदरा घातलेलं पोरगं हरवलंय,
दिसल्यास झेंडा चौकात आणून द्यावं.
पोरगं सापडलं की तेही मीच सांगायचो.
त्याचे पैसे घेत नव्हतो.

मग नगर परिषदेनं कागद दिला.
पंधरा दिवस, म्हणालो. लोकांनी दारातून हात हलवले,
पोरं ॲटोमागं पळाली.
दुसऱ्या कागदाला हात हलले नाहीत.
तिसऱ्याला खिडक्या लागल्या.
चौथ्याला कासार गल्लीत माडीवरून पाणी आलं,
खरकटं.
लतीफनं काच पुसली. म्हणाला,
"सटवाजीभाऊ, तारीख तूच ठरवतोस
असं वाटायलंय लोकांना."

मी वाचत गेलो.
लग्नाला पंचवीस, मयताला वीस.
सकाळी सात ते अकरा.
पावणेअकराला भाजीवालीचा तराजू हातातच नाचायचा.
मोंढ्यात हळद पोत्यात बसून, हमाल घरात बसून.
गजाननच्या दुकानात शटर ओढून कटिंग चालायची,
ते कळलं कसं, तर भुजंगराव
अर्धं डोकं घेऊन पळताना चौकात सापडला.
पाचशेची पावती. उरलेलं अर्धं डोकं
महिनाभर उपरण्याखाली.

घरी बायको विचारते, "तुमाला तरी माहीत असंल,
कवर चालायचं हे?"
कागदात कवर नसतं.
कागदात असतं, पुढील आदेशापर्यंत.

सहावा कागद मंगळवारी होता.
इंदुमती कासार ॲटोच्या आडवी उभी राहिली.
मला वाटलं, आज शेण.
तिनं आत हात घातला आणि माईक मागितला.
नंतर सगळे म्हणाले, हिसकावला.
मी दिला.

बराच वेळ भोंगा नुसता खरखरत होता.
मग तीस वर्षं जत्रा-बाजार तुडवलेला तो आवाज
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत :
"बांगड्याऽऽ घ्या बांगड्याऽऽ
हिरव्या, राजवर्खी, लेकीबाळीच्या मापाच्याऽऽ"
एक पेटी उघडलेली नाही, एक गिऱ्हाईक नाही.
दारं उघडली.

रज्जाक कल्हईवाला आला, "भांड्याला कल्हईऽऽय."
गारीगारवाला आला. त्याला पुढचं आठवेना,
नुसतं गारीगार गारीगार म्हणत राहिला
आणि रडायला लागला, साठीचा माणूस.
गजाननला आरोळी नाही.
त्यानं खिशातून कात्री काढली
आणि माईकजवळ हवा कापली :
कच कच कच कच.
शेवटी एक पोरगं, पाचवी-सहावीतलं,
पायाच्या बोटांवर उभं राहून ओरडलं,
"हजर!"

घोषणा कुणी दिली नाही. शिवी तर नाहीच.
जीप आली तेव्हा साहेबाला लिहून घ्यायला
काही सापडेना.

मला नोटीस आली :
ध्वनिक्षेपक अनधिकृत व्यक्तींच्या हाती कसा गेला,
तीन दिवसांत खुलासा करावा.
त्याच टेबलावर माझं तीन महिन्यांचं बिल पडून होतं,
त्याचा खुलासा कुणी मागितला नाही.
'हिसकावला' लिहिलं. खोडलं.
'बॅटरी उतरली होती' लिहिलं. तेही खोडलं.
कागद खिशात घामानं मऊ झाला.

शनिवारी सातवा आदेश घेऊन त्याच गल्लीत गेलो.
लतीफनं टप आधीच फडक्यानं झाकला होता.
पाणी आलं नाही.
इंदुमती उंबऱ्यावर बसून पेटीवरची धूळ पुसत होती,
वर पाहिलं नाही तिनं.
वाचत वाचत शेवटाला आलो,
पुढील आदेशापर्यंत, म्हणालो
आणि श्वासाला थांबलो.

कुठल्या तरी माडीवरून
बारीक आवाज आला :
"हजर."

नियमानं तीनदा वाचायचं असतं.
मी एकदाच वाचलं.