पुरे

दोन रात्री बहिणीकडे काय राहिले ताम्पेरेला,
परत येऊन पाहते तर
हद्दीवरच्या तीन भूर्जांपैकी दोन
खांद्यापासून वर नाहीत.

एप्रिल. कुंपणाच्या कडेला अजून करडा बर्फ,
बर्फावर भुसा,
आणि माझ्या बाजूला सगळ्या फांद्या
जाडीप्रमाणे रचून, सुतळीने बांधून.
झाडं माझी, म्हणजे फांद्याही माझ्या.
असा हा रेइनो हुक्कानेन. हिशेबाला चोख.

"पन्हळ तुंबते," तो म्हणाला
शिडी पुसत, माझ्याकडे न बघता.
"दरवर्षी दोन बादल्या पानं."
दोन बादल्यांसाठी चाळीस वर्षं? मी म्हणाले.
म्हणजे म्हणायचं होतं.
घरात येऊन किटलीला म्हणाले.

या दिवसांत भूर्ज कापू नये
हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक.
मुळं नुकती जागी झालेली, पाणी वर निघालेलं,
त्याला कोण सांगणार
की वर आता काही नाही?
ते येतच राहिलं.
पांढऱ्या सालीवरून टप टप, दिवसरात्र,
माझ्या झोपेच्या बाजूला.
चौथ्या दिवशी बादली लावली.
चव पाण्याचीच, गोडीची नुसती शंका.
पहिली बाटली शेजाऱ्याला द्यायची, असं आई करायची.
मी सगळा रस एकटीने प्यायले.

कुओपिओ नगरपालिकेतली मुलगी फोनवर गोड बोलली:
हद्द ओलांडलेली फांदी तो तोडू शकतो,
आधी सांगून. शेंडा नाही.
शेंडा कुणाच्या हद्दीत येतो, मी विचारलं.
तिने अर्ज पाठवला, चार पानी.
तिसऱ्यावर रकाना: नुकसानीचं स्वरूप.
लिहिलं, सावली. खोडलं.
लिहिलं, ते पिवळे इवले पक्षी. खोडलं.
लिहिलं, आडोसा.

आडोसा गेल्यावर कळलं
तो दोघांना होता.
माझ्या मोरीसमोर नेमकं त्याचं स्वयंपाकघर.
रेइनो उभ्याने बटाटे सोलतो.
सालीबरोबर निम्मा बटाटा जातो,
तो थांबत नाही, चौकोनी करत जातो,
मग उरलेल्या सुपारीएवढ्या तुकड्याकडे
बघत राहतो.

आउने होती तेव्हा सुरी तिच्या हातात असे.
आणि झाडं छाटताना ती खाली, शिडी धरून.
पानांमुळे दिसायची नाही. ऐकू यायची
दरवर्षी, एकदाच, न चिडता,
गाईला गोठ्यात घ्यावं तशा आवाजात:
"पुरे, रेइनो."
की करवत बंद.
तिला पुरलं त्या दिवशी मी एक कॉफी प्यायले,
केकचा तुकडा खाल्ला आणि निघाले.
सतरा महिने झाले.

शनिवारी तो तिसऱ्यावर चढला.
मी अर्ज घेऊनच बाहेर पडले,
कलम, तारीख, दंड, सगळं जिभेवर तयार.
एक फांदी पडली. दुसरी.
करवत खोडाला टेकली
आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं:
"पुरे, रेइनो."

करवत थांबली.
त्याने वळून पाहिलं नाही.
बराच वेळ वरच होता,
जणू उतरायच्या पायऱ्या विसरलाय.
शिडी हलत होती.
मी धरली तेव्हा गार लागली हाताला.

माफ वगैरे केलेलं नाही.
जूनमध्ये पहाटे तीनला ऊन थेट उशीवर,
खिडकीला घोंगडी ठोकावी लागली.
दोन बुंध्यांना कडेकडेने कोंब आलेत,
झाडू उलटा धरावा तसे.
तिसऱ्याचं एक अंग शाबूत आहे.
अर्जावर सही तेवढी राहिलीय, ड्रॉवरमध्ये आहे.

संध्याकाळी भांडी घासताना नजर जातेच समोर.
काल त्यातला एक बटाटा
जरासा गोल होता.