फळी

त्स्काल्तुबोचं आरोग्यधाम, खोली क्रमांक दोनशे चौदा.
पूर्वी इथं संधिवाताचे रोगी यायचे,
महिनाभर गरम पाण्यात बसून घरी जायचे.
आम्ही एकवीस वर्षं राहिलो.

सुखुमी सुटलं तेव्हा मी चार वर्षांची.
बर्फातली खिंड मला आठवत नाही.
आठवतो बाबांच्या मानेचा वास
आणि मागून आईचा आवाज,
'मुर्ताझ, तिचे पाय झाक.'
मी लग्नाची झाले तरी ती हेच म्हणायची.
त्याच खोलीत गेली ती.

भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हा बाबांचा नियम.
भिंत आपली नाही. वसंतात परत जायचंय.
पडदा दोरीवर, दोरी खिडकीच्या कडीला,
कपडे बोचक्यात,
आणि आम्हा भावंडांची उंची मोजायला
न्हाणीघराच्या मोडक्या दाराची एक सुटी फळी.
टाचा टेकव, म्हणायचे.
पेन्सिलीची रेघ. बाजूला साल.
जाताना नेता येईल.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती.
पत्र्याच्या शेगडीत खुर्च्या गेल्या,
नाचघराची लाकडी जमीन गेली.
एका रात्री भाऊ तापानं फणफणला,
बाबांनी खाटेखालून आजीची चोंगुरी काढली,
तारा सोडवून खिशात ठेवल्या,
लाकूड गुडघ्यावर मोडलं.
फळी हाताच्या अंतरावर होती, कोरडी ठणठणीत.
तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आता कुताईसीत माझं घर आहे,
कर्जाचं, पण माझं.
सहा वर्षं झाली, भिंती कोऱ्या.
नवरा म्हणतो, घड्याळ तरी लावू या?
लावू की, मी म्हणते, वसंतात,
आणि जीभ चावते.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणे.
माझं मणक्यात आहे.

परवा कामावरून आले तर चौकटीशेजारी
निळ्या बॉलपेनची रेघ, जराशी वाकडी,
खाली अक्षरं: बाचो, सात.
मी ओला फडका आणला.
शाई थोडी पसरली.
मग फडका हातात धरून तशीच बसले,
पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

आतून बाबा आले, भिंत धरत धरत.
चष्मा शोधला. रेघेवर बोट ठेवलं.
बराच वेळ ठेवलं.
म्हणाले, 'टाचा उचलल्यात यानं. बोलव त्याला.'
आणि खिशात पेन्सिल चाचपू लागले.