उतरलेले सेल

गाणं धाकूबाई घरतचं. धवला नव्हे,
धवले ती मांडवात म्हणायची, देवांना ऐकू जावेत म्हणून.
हे मागच्या पडवीत म्हटलं, गोठिवलीला,
चौऱ्याऐंशी सालच्या एका हळदीला,
पुढ्यात कोळंबीचं टोपलं घेऊन, सोलता सोलता.
समोर मी, आणि मस्कतच्या मामाचा टेपरेकॉर्डर.

बांधाव उबी मी, भरती चरली,
आये, माजा घर कंचा?

एवढंच धृपद. जमिनीच्या नोटिसा त्याच वर्षी आल्या,
पण गाण्यात नोटीस नाही. गाण्यात खाडी आहे,
एक फुटलेली उघाडी आहे, आणि आई, जी उत्तर देत नाही.
तिचा आवाज जाड. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा.
बाप्ये हसायचे: धाकूबाईनं हाक मारली
की पलीकडे ऐरोलीत कुत्री उठतात.

कॅसेट मी जांभळी नाक्याला नेली, वेलजीभाईंच्या दुकानात.
ते म्हणाले, आवाज पातळ आहे,
पण शेवटच्या कडव्याला काय चढते बाई!
दोनशे कॉप्या काढल्या.
मी गप्प. मला वाटलं, मशीनमधून गेलं की
माणूस असाच ऐकू येत असेल.

मग कळव्याच्या बँडनं घेतलं. बस्त्याव रिबेलो
शेवटच्या कडव्याला क्लॅरिनेट आभाळाकडे करायचा,
आणि नवरदेवाचं घोडं बिचकायचं.
मग गडकरीला ऑर्केस्ट्रा, निळी साडी, धुराचं मशीन,
सुरंगा तांडेल. तीन वर्षं ती वरची जागा तिनं गाठली रोज,
चौथ्या वर्षी डॉक्टरनं घशात गाठी दाखवल्या.
मग घणसोलीचा डीजे. त्यानं आई काढली, घर काढलं,
ठेवलं फक्त ‘चरली चरली’,
आणि हळदीला जमलेल्या समस्त पोरांना
काय चढली ते बरोबर कळलं.

आता नेरुळची एक मुलगी गिटारवर म्हणते.
घरी आली होती. म्हणाली, काका, हे प्युअर सोल आहे.
मी म्हटलं, सोल? आम्हाला सोलणं ठाऊक.
ती हसली नाही. समजावून सांगू लागली,
शेतात राबवलेल्या माणसांचं, प्रार्थनेतून बाहेर पडलेलं गाणं,
आणि शेवटी स्वर एक पायरी वर चढतो ना,
तिथे माणूस उघडा पडतो.
मी मान हलवली. चहा गाळला.

तिथे, बाळा, सेल उतरले होते.

चार मोठे सेल, आधीच आठवडाभर वापरलेले.
मोटर दमत गेली, फीत हळू सरकली,
आणि हळू भरलेलं गाणं नव्या सेलवर धावतं,
धावतं म्हणून पातळ होतं, चढतं.
धाकूबाई चढली नव्हती. ती होती तिथेच बसली होती,
पाटावर, गुडघे उघडे.

शिरवण्याच्या लग्नात पोरींनी तिला सांगितलं,
आजी, कॅसेटीसारखा बोल ना.
तिनं करून पाहिलं. अर्ध्यावर आवाज फाटला.
पाणी प्याली, म्हणाली, मना नाय जमत.
ती बाय येगली हाय.
मी चौथ्या रांगेत जेवत होतो. उठलो नाही.

मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. मशीनच्या पोटात एक स्क्रू असतो,
वेग त्यावर कमी होतो. पण किती कमी?
मागे कंपनीचा अकराचा भोंगा वाजलाय,
त्यावरून लावता आलं असतं. कंपनी गेली,
तिथे काचेची इमारत आहे, ती वाजत नाही.
आणि तिची खरी पट्टी मला आठवते म्हणावं
तर मी एकदा गप्प राहिलेला माणूस.

फितीत आणखी एक आवाज आहे. साल निघताना होणारा,
ओला, बारीक, टोपल्यात पडणारा.
परवा अर्धा किलो कोळंबी आणली.
बायकोला म्हटलं, ओट्यावर नको,
इथे बस, माझ्या जवळ.
सावकाश सोल.