रिकॉल

भार्गव वकिलांनी पहिल्याच आठवड्यात लाल पेनने खोडलं होतं.
रिव्ह्यू आणि रिव्हिजन एक नव्हेत, बाई.
रिव्ह्यू त्याच जजसाहेबांपुढे,
त्याच खुर्चीला म्हणायचं, जरा परत बघा.
रिव्हिजनला वरची खुर्ची लागते.
मी मान हलवली.
त्याला तेवीस वर्षं झाली. इंदूर हायकोर्टासमोरच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, खाली पोह्यांच्या परातीची वाफ,
आता बोटंच ओळखतात कुठला शब्द कुठल्या दाराशी उभा करायचा.

रिकन्सिडर बँकेच्या पत्रात येतो, हात जोडून.
रीअसेस टॅक्सवाल्यांचा, त्याला दात असतात.
रीथिंक कोर्टात चालत नाही,
तो घरी नेऊन रात्री करायचा असतो.

आमच्याकडे आई एवढंच म्हणायची, शब्द फिरवू नये.
डोकं फिरतं, वारं फिरतं,
घर फिरलं की वासेही फिरतात,
आणि मत बदललेला माणूस त्याच रांगेत, मान खाली घालून.
तिच्या मराठीत परत पाहण्याला
लाज न वाटणारं क्रियापद नव्हतं.
मीही कधी शोधलं नाही.

आज सांवेर रोडच्या एका कारखानदाराचा रिव्ह्यू टाइप करत होते.
तेच वाक्य, हजारदा केलेलं:
चूक नोंदीच्या चेहऱ्यावरच दिसायला हवी.
शोधावी लागली, वाद घालावा लागला,
तर ती चूक चालत नाही.
चेहऱ्यावर, या शब्दाशी बोट थांबलं.

हेमलता बौरासी.
परदेशीपुऱ्याची, फायलींना दोरे बांधायला ठेवलेली.
स्टॅम्पचे अठराशे रुपये ड्रॉवरमधून गेले त्या दिवशी
मी कुणाचं नाव घेतलं नाही.
एवढंच म्हटलं, दुपारी इथे होतं तरी कोण?
पाच शब्द.
ती म्हणाली, दीदी, एक बार और देख लो ना.
इतका छोटा अर्ज मी पुन्हा कधी पाहिला नाही,
ना शपथपत्र, ना कोर्ट फी.
मी ड्रॉवर उघडला.
पाहिल्यासारखं केलं.
लावला.

पैसे नंतर सापडले, असं काही झालेलं नाही.
ते टेबल भंगारात गेलं, साहेबांच्या मुलाने नवं आणलं.
नवा पुरावा नाही. साक्षीदार नाही.
तिने घेतलेही असतील.
पण मी तिला आठवायला बसले तर
लाल दोरा आठवतो, दोऱ्याची गाठ दाताने घट्ट करायची सवय,
पायरीवर काढलेली निळी चप्पल,
आणि चेहऱ्याच्या जागी
कोरा कागद.
नोंद आहे, तिला चेहराच नाही.
मग त्यावरची चूक कुठे दाखवू?

मुदत तीस दिवसांची असते.
मला अकरा वर्षं झाली.
विलंबमाफीच्या अर्जात दिवसादिवसाचा हिशेब द्यावा लागतो,
या दिवशी का आला नाहीत, या दिवशी का नाही.
काय लिहू? पोहे खात होते.
वाहनांच्या कज्ज्यांत बुडाले होते.
बरी होते.

रिकॉल म्हणजे दिलेला आदेश मागे घेणं.
रिकॉल म्हणजे आठवणंही.
इंग्रजांनी दोन्ही एकाच शब्दात कोंबलं,
आधी काय करायचं ते सांगितलं नाही.

पाच वाजता सगळे गेल्यावर
मी ड्रॉवर बाहेर ओढला, पूर्ण,
आणि टेबलावर पालथा घातला.
नवा ड्रॉवर आहे, मला माहीत आहे.
टाचण्या, वाळलेलं स्टॅम्प पॅड,
गोळ्यांचं अर्धं पाकीट, सव्वीसचा एक हिशेब,
आणि कुण्या अशिलाचा पासपोर्ट फोटो, उपडा पडलेला.

तो सुलटा केला.
ती नव्हती.

तरी दिव्याजवळ नेऊन
परत नीट पाहिला.