ळ-चं घर

शहापुरातला छापखाना बंद पडला तेव्हा
मशीन भंगारात गेलं, खिळे किलोवर गेले.
माझी लाकडी केस तेवढी कुणी घेईना.
ती बसलिंगप्पानं सायकलला बांधून नेली
आणि तिच्या घराघरांत बी भरलं.

तो कन्नड जुळवायचा, मी मराठी.
लग्नपत्रिकेची एक बाजू त्याची, एक माझी,
मधली घडी मालकाची.

सत्तावीस वर्षांनी केस परत आली.
त्याच्या मुलीनं गोकाकहून टेम्पोत घालून पाठवली.
"अप्पा म्हणायचे, कुठलं घर कशाचं ते तुम्हालाच ठाऊक."

ठाऊक आहे की.
डोळे गेले तरी बोटं जातील तिथं.
कान्याच्या घरात काकडीचं बी, उभं, सडपातळ.
अनुस्वारात राजगिरा.
रफारात काळं, चपटं, कांद्याचं असावं.
क्ष रिकामा. क्ष तेव्हाही फारसा लागत नव्हता.
तळाला त्याच्या पेन्सिलीतल्या चिठ्ठ्या,
निम्म्या कसरीनं वाचून संपवलेल्या.
आणि सगळ्याला अजून शिशाचा वास.

रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं.
टणक होतं ते काचपेपरवर हलकं घासलं.
मग जुन्या धोतराचं ओलं फडकं,
त्यावर दहा-दहाच्या ओळी,
गुंडाळी करून चुलीच्या उबेला.

रोज सकाळी उलगडायचं आणि प्रूफ वाचावं तसं वाचायचं.
चौथ्या दिवशी काकडीवर बुरशी.
सहाव्या दिवशी राजगिऱ्याचा चिकट गोळा.
कांद्याचं दाबलं तर आत नुसतं पाणी.
"बाबा, वास येतोय ओ," सून म्हणाली.
"पाकीट मिळतंय की कृषी केंद्रात, वीस रुपयांना,"
नागोजी चप्पल घालता घालता.
मिळतंय. मी कुठं नाही म्हणालो?
एकेक ओळ काढून टाकत गेलो,
फडक्यावर नुसते डाग राहिले.

ळ-चं घर मी शेवटी ठेवलं होतं.
ळ आम्हाला कायम कमी पडायचा.
बेळगाव, माळी गल्ली, गोंधळी गल्ली,
हळदी समारंभ, वेळ गोरज,
बाळगोपाळ मंडळी!
"आमचा देऊ काय?" बसलिंगप्पा पलीकडून विचारायचा.
त्याच्याकडेही होता ना ळ, गोल, पोटाचा.
एकदा खरंच घेऊन बघितला. बसला नाही.
उंची वेगळी.
पण तो ळ त्यानं परत मागितला नाही,
मीही दिला नाही.

बाराव्या दिवशी ळ-मधलं एक बी
कमरेत फाटलं.
पांढरं, नखाच्या कडेएवढं,
ओळ सोडून वाकडं गेलेलं.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
बाकीची नऊ तशीच.

कशाचं आहे, माहीत नाही.
त्या घरातली चिठ्ठी कसरीनं अख्खी खाल्लीय.
दोडका असेल, घेवडा नक्की नाही.
करवंटीला भोक पाडून माती भरली,
टोक खाली करून ठेवलं,
आणि गोकाकला फोन लावला.

मुलगी काही वेळ बोललीच नाही.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली,
"काका, नीर कडिमि हाकरी."
अगदी बापाच्या आवाजात,
जशी मला मराठी येतच नाही.

मी तांब्यातलं अर्धं पाणी
परत माठात ओतलं.