कारण: मोजा

ओर्ताच्या धक्क्यामागे माझं दुकान.
बोटींचे रेडिओ, खोली मोजायची यंत्रं,
क्वचित एखादं कॉफीचं मशीन, हेच माझं पोट.
हल्ली मात्र ही येतात, गोल, चपटी,
शेजारच्या बेटावरच्या चीजच्या चाकांएवढी.
मुलं अमेरिकेतून धाडतात,
आईला झाडताना वाकायला नको म्हणून.

तक्रारी ठरलेल्या असतात.
जागच्या जागी गरगरतो? एक चाक जाम आहे.
आमच्या बेटाची काळी रेती तिथे शिरते,
घासात खडा यावा तशी.
चार्जिंगला परतत नाही? पट्ट्या पुसा.
इथली हवा खारी, धातूवर हिरवं चढतं,
पोरांचं खोडरबर पुरतं त्याला.
ओढ कमी झाली? ब्रश उपसा, कात्री घ्या.
परवा एका ब्रशवर तीन पिढ्यांचे केस निघाले
आणि त्यांच्याखाली मांजर.
काळ्या गालिच्याशी थबकतो, मागे सरतो?
पोटाखालच्या डोळ्यांना काळं दिसलं
की तिथे कडा तुटलाय असं वाटतं त्याला.
हसू नका.
डोंगर फुटून राख पडली त्या वर्षी
माझी आईही अंगणाच्या काठावर
पाऊल उचलून तशीच उभी राहायची.

देओलिंदा सिल्वेइरा या महिन्यात तिसऱ्यांदा आली.
काखेत यंत्र, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं.
"मधेच अडकतो, फिर्मिनु, आणि इंग्रजीत बोंबलतो."

पहिल्या वेळी ब्रशमधून मोजा निघाला.
तपकिरी, लोकरीचा, पुरुषाचा.
होतं असं.
दुसऱ्या वेळी तोच मोजा.
मी तिला चार शब्द सुनावले:
आधी जमीन मोकळी करायची, बाई,
वायरी, पडद्यांची टोकं, मोजे.
ती मान खाली घालून ऐकत राहिली, चर्चमध्ये ऐकतात तशी.
तिसऱ्या वेळी मी नोंदी काढल्या त्याच्या पोटातून.
अडकला चार वाजून पाच. चार वाजून दोन. चार वाजून सात.
रविवार सगळे कोरे.
आणि मोजा धुतलेला होता.
इस्त्री केलेला.

मग यंत्र घेऊन मी तिच्या घरीच गेलो.
तिने कॉफी दिली, रव्याची बिस्किटं दिली,
घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.
चारला तो जागा झाला, भिंत धरून निघाला,
टेबलाचे पाय मोजले, कपाटाखाली गेला.
घरघर. खाकरल्यासारखा आवाज.
मग परक्या भाषेत, अगदी नम्रपणे,
ब्रश साफ करा, ब्रश साफ करा.
मी गुडघ्यांवर बसून हात घातला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, तुझा तो पुन्हा अडकला वाटतं?
माझ्या फोनवर लाल ठिपका आलाय."
लूर्देस. फॉल रिव्हरच्या इस्पितळात, कपडे धुण्याच्या खात्यात.
तिथे दुपारचे बारा, जेवायची सुट्टी.
"हो का गं?" म्हणाली देओलिंदा,
आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.
गुडघा कसा आहे. कॉड केवढ्याला झाला.
निळी हायड्रेंजिया यंदा लवकर का फुटली.
बोट आली का, धुकं होतं का,
लहान्याचा दात पडला तो कुठे ठेवला.
बावीस मिनिटं.
मी तसाच खाली बसून होतो, मोजा हातात.
तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुकानात वहीला चार रकाने आहेत.
बिघाड: अडकतो.
कारण: मोजा.
रक्कम: शून्य.
उपायाशी पेन थांबलं.
बाहेर पिकुची बोट भोंगा देत होती,
शाई वाळत चालली होती.
शेवटी लिहिलं, आणि एका चिठ्ठीवर उतरवून
तिच्या अभ्र्यात सरकवलं:

लोकरीने ब्रशचे दात झिजतात.
सुती वापरा. पातळ.