जन्मदेशाचा रकाना

भवानी मंडपाच्या मागच्या बोळात माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, सात-बारा, जातपडताळणी.
ऑक्टोबरात अमेरिकेच्या सोडतीचे अर्जही भरतो.
भरतो म्हणजे, बहुतेकांना परत पाठवतो.

रणधीर कुरणे उद्यमनगरातून थेट आला,
नखांत लेथचं काळं, खिशात आयटीआयचा कागद.
विचारलं, जन्म कुठला?
"सीपीआर. वॉर्ड आईला विचारून सांगतो."
म्हटलं, नको. सीपीआर भारतात येतं,
आणि भारतात जन्मलेल्याची चिठ्ठी त्या डब्यात पडतच नाही.
"म्हंजे हुशारी बघत न्हाईत?"
बघतात. बारावी, नाहीतर कसबी कामाची दोन वर्षं.
पण ते नंतर.
आधी तुमची आई कुठल्या देशात बाळंत झाली, ते.

तो हसला.
जातपडताळणीचा गठ्ठा त्याच्या कोपराखालीच होता.

मी नियम खाली सरकवत गेलो
आणि सहज विचारलं, बायको?
"नेपाळची. पाल्पा."
हळू म्हणाला,
उधारीचा आकडा सांगावा तसं.
लग्नात आईनं उंबऱ्यावर माप ठेवलं नव्हतं.
मुलखाबाहेरची, एवढंच म्हणाली होती,
आणि आत जाऊन भाकरी थापत बसली होती.

नियमात होतं:
बायकोच्या जन्मदेशावर नवऱ्याला चालतं.
अट अशी की दोघांनी आत पाऊल
एकाच वेळी टाकायचं.
मी दोनदा वाचलं.
तिसऱ्यांदा त्यानं वाचायला लावलं.

संध्याकाळी दिलमाया आली, दवाखान्याची ड्यूटी उतरून.
पांढरा पडदा. चष्मा काढा. हसू नका.
ती हसलीच. तीन फोटो वाया.
मी टाइप करताना तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं,
"जन्माचा देश एक, राहायचा एक,
दोन दोन रकाने?"
हो.
"बरं हाय. आमच्या घरात एकच होता."

निकाल मे महिन्यात.
लाखांत नंबर लागणं म्हणजे काय, ते मी सांगितलं,
दोघांनी मान डोलावली, ऐकलं नाही.
नंबराची पावती तिनं पर्समध्ये घातली,
सासूच्या दम्याच्या गोळ्यांना लागून.

पायरीवर तिचा चपलेचा पट्टा निसटला.
रणधीर एक पाय खाली टाकून परत वर आला,
थांबला.
मग दोघं एकदमच उतरले.

फोटोचे साठ रुपये राहिलेच.